जोडलेला नांगर परत तिथेच तुटतोय? लोखंड आणि रॉड निवडताना या चुका टाळा

कल्टिव्हेटर असो नाहीतर पल्टी नांगर, वेल्डिंग तुटलं की पहिली मागणी असते 'या वेळी कडक माल लावा'. थांबा जरा. आधी तुटलेली जागा नीट बघा, अर्धं कारण तिथेच कळतं. टाका (वेल्डिंगने भरलेली रेघ) अख्खा उखडून आलाय आणि खाली ग्राइंडरचे ओरखडे तसेच दिसतायत, म्हणजे रॉड वितळला पण खालचं लोखंड वितळलंच नाही, करंट कमी पडला किंवा गंज-रंग न काढताच वेल्डिंग मारलं किंवा जाड प्लेटला चर पाडला नव्हता (६ एमएमच्या वर कडा घासून व्ही करायचाच, कंटाळा नको). टाक्याच्या मधोमध लांब चीर गेली असेल तर बऱ्याचदा टाकाच बारीक पडलेला असतो. आणि टाका शाबूत पण त्याला लागून लोखंड फुटलंय, तेही शेतात न नेता रात्रभर नुसतं उभं असताना, तर लोखंडात कार्बन जास्त आहे आणि रॉड दमट होता असं समजा.

आता कडक मालाचं. फ्रेमला झटका सोसणारं लोखंड लागतं, म्हणजे साधं एमएस (माइल्ड स्टील, कमी कार्बनचं लोखंड). कडक लागतो तो मातीत घासणारा फाळ. फ्रेम लवते म्हणून महागडी हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारी) प्लेट आणाल तर तेवढ्याच जाडीत ती एमएसइतकीच लवणार, कायमची वाकायला फक्त जास्त जोर लागेल. त्यापेक्षा पट्टी उभी लावा, उंची दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो.

भंगारातले जुने पाटे (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि एक्सल तर सगळ्यांनाच मोहात पाडतात. फुकट मिळतं, चिवट असतं, पण ६०१३ रॉडने (रोजच्या कामाचा साधा रॉड) थंडच जोडलं की कडेने तडकलंच म्हणून समजा. कुठलं लोखंड आहे कळत नसेल तर ग्राइंडर लावून ठिणग्या बघा, एमएसच्या लांब सरळ रेषा पडतात, कार्बन जास्त असेल तर ठिणग्या फुटून झुपका होतो. जोडायचंच असेल तर आधी २०० डिग्रीच्या पुढे तापवा, ७०१८ (कमी हायड्रोजनचा रॉड) वापरा, आणि झाल्यावर कोरड्या राखेत पुरून हळूहळू गार होऊ द्या, पाणी ओतायचं नाही. पण पाट्याचं पाणी (तापवून-विझवून आणलेला कडकपणा) टाक्याजवळ उतरतंच, त्यामुळे मी तरी तिथे बोल्टच मारेन. रोटाव्हेटरच्या पात्यांचंही तेच, ती कधीच वेल्ड करू नका, बदला.

७०१८ घेतला म्हणून काम झालं असं नाही. उघडं पाकीट महिनाभर कोपऱ्यात पडलं की आवरण दमट होतं आणि त्यातला हायड्रोजन थेट टाक्यात जातो. पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला भाजून घ्या, उन्हात वाळवून भागत नाही. शिवाय साध्या एसी मशीनवर तो नीट पेटतही नाही. भाजायची सोय नसेल आणि फ्रेम साध्या एमएसची असेल तर कोरडा ६०१३ बरा.

ठिगळ लावताना दोन्ही टोकं सरळ आडवी कापू नका, फ्रेमवर आडवा टाका पडला की पुढची चीर तिथूनच निघते, टोकं निमुळती ठेवा. जुन्या चिरेच्या शेवटी भोक पाडून, चीर पूर्ण घासून काढून मगच भरा, वरून लिंपलेलं टिकत नाही.

हार्डफेसिंगच्या (झीज कमी व्हावी म्हणून चढवलेल्या कडक थराच्या) टाक्यावर आडव्या बारीक चिरा दिसल्या तर घाबरू नका, क्रोमियम कार्बाइडचा रॉड असाच असतो. मात्र तो रॉड जोडकामाला वापरू नका, आणि थरावर थर चढवू नका, दोन-तीन थरांनंतर ढलपे निघतात.

अर्थ क्लॅम्प (वेल्डिंग मशीनच्या अर्थ वायरचा चिमटा) टाक्याच्या जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून फिरतो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. अवजार ट्रॅक्टरला जोडलेलं असेल तर आधी सोडवा.

आणि शिअर बोल्ट सारखा तुटतो म्हणून तिथे १०.९ ग्रेडचा कडक बोल्ट बसवू नका, त्याचं कामच तुटणं आहे, तो नाही तुटला तर गिअरबॉक्स तुटेल.