सुमो मल्लाचा बुचडा कापताना

निवृत्त मल्लाच्या दानपात्सु-शिकीत, म्हणजे बुचडा कापायच्या समारंभात, कात्री चालवायचा मान मिळाला, तर कापायचं जवळपास काहीच नसतं, हे आधी लक्षात घ्या.

तोक्योच्या कोकुगिकान या सुमोच्या सभागृहात मल्ल आखाड्याच्या मधोमध खुर्चीवर बसतो. शेजारी ग्योजी, म्हणजे पंच, सोन्याचा मुलामा दिलेली कात्री घेऊन उभा असतो. मल्लाच्या मागे जा, कात्री घ्या आणि ग्योजी दाखवेल तिथे चार-दोनच केस कापा. केसांना बिनत्सुके-आबुरा हे घट्ट सुगंधी मेण चोपडलेलं असतं, त्यामुळे बट चिकटून येते. धसमुसळेपणाने जास्त निघते. बुचडा आवळणारी कागदी दोरी, मोतोयुई, हिला तर धक्काही नको. पाहुणे शेकड्यांनी असतात. प्रत्येकाने झुपका उडवला तर शेवटाला उरणार काय? अखेरचा छेद, तोमे-बासामी, गुरूचाच.

कापून झालं की खांद्यावर हलकी थाप, दोन शब्द, आणि बाजूला.

स्त्रियांना आखाड्यावर चढता येत नाही. त्यांना कापायचं असेल तर ते आखाड्याबाहेर होतं. खटकतं, पण रीत तीच. बुचडा कापायला मोकळीक देणाऱ्या १८७१ च्या फर्मानानंतर बाकी जपानी पुरुषांचे बुचडे हळूहळू गेले, मल्लांचे राहिले.