व्हेंटजवळच्या गाळाचं वय काढताय? या चुका टाळा

तेच तेच बघून शेवटी लिहायला बसलोय. समुद्रतळावरच्या गरम झऱ्याजवळचा, म्हणजे व्हेंटजवळचा गाळ आणायचा, साध्या गाळासारखा डेटिंगला लावायचा आणि वयं उलटीसुलटी आली की लॅबच्या नावाने ओरडायचं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्खा गाळ दळून कार्बन-१४ ला (किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायला) पाठवणं. आमचा एक कोर, म्हणजे तळातून नळीने काढलेला गाळाचा उभा नमुना, उघडला तर सरळ डिझेलचा वास. खालचा सेंद्रिय माल गरम पाण्याने शिजतो, त्याचं तेल होतं आणि ते जुन्या कार्बनसकट वर झिरपतं, कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या ग्वायमास खोऱ्यात हे अगदी ठळक दिसतं. वास सगळ्यांना आला, तरी घाईत सॅम्पल गेलं आणि वरचा थर खालच्यापेक्षा म्हातारा निघाला. मग एकाने रिझर्व्हॉयर करेक्शन, म्हणजे समुद्राच्या पाण्यातल्या जुन्या कार्बनपायी वयातून वजा करायचा आकडा, वाढवत नेलं, आकडे जुळेपर्यंत! असलं करू नका, प्लीज. आम्ही परत पहिल्यापासून बसलो, पाण्याच्या वरच्या थरात जगणाऱ्या एकाच जातीचे फोरॅम (चुन्याच्या कवचाचे सूक्ष्म जीव) ब्रशने एकेक वेचले. काचेसारखे स्वच्छ ते ठेवले, साखर चिकटल्यासारखे खडबडीत दिसले ते फेकले, कारण त्यांच्यावर नंतरचं कॅल्साइट बसलेलं असतं. वर हलका ॲसिड वॉश. दोन आठवडे मान मोडून काम, पण वयं क्रमाने आली.

दुसरं लेड-२१०, म्हणजे किरणोत्सारी शिसं. ते वरून गाळात पडतं आणि खाली घटत जातं, त्यावरून वय काढतात. अर्धायुष्य जेमतेम २२ वर्षं, त्यामुळे नवशिक्यांना हे सोपं वाटतं. तळाशी आलेला स्थिर आकडा, म्हणजे गाळातल्याच रेडियमपासून बनलेलं लेड, ते सगळ्या थरांतून वजा करतात. अरे, व्हेंटच्या बराइट या खनिजात रेडियम-२२६ अडकून बसतं आणि त्यातून नवं लेड तयार होत राहतं, तो थर उगाच तरुण दिसतो! मी प्रत्येक स्लाइसचं रेडियम वेगळं मोजतो, डबी सीलबंद करून तीन आठवडे ठेवल्याशिवाय हात लावत नाही, रेडियमपासून बनणारा रेडॉन वायू निसटला तर मोजणीला काही अर्थच नाही.

थोरियम-२३० वरून वय काढणाऱ्यांनो, व्हेंटच्या प्लूममधले (वर उसळणाऱ्या गरम पाण्याच्या लोटातले) लोह-मँगनीजचे कण पाण्यातलं थोरियम जास्त ओढून खाली आणतात, तेव्हा ते एकसारख्या दराने पडतं हे गृहीत धरू नका. गाळात मागाहून शिरलेलं युरेनियमही मोजा, त्यातूनही थोरियम-२३० बनतं.

किडे वरचा गाळ ढवळतात, थर मिसळलेत का ते बघायला कोरचा एक्स-रे काढा.

आणि कोरचा अर्धा भाग न कापता थंडीत ठेवा, आमचे ते फोरॅम त्यातूनच मिळाले होते.