वासम लोड होत नाही? आधी पहिले आठ बाइट बघा

रस्ट भाषेतला चार फंक्शनांचा वासम (वेबअसेम्ब्ली, म्हणजे ब्राउझरमध्येही चालणारा बायनरी कोड) कॉम्पोनंट. टर्मिनलवर सुरळीत चालत होता, फक्त आमच्या रिॲक्ट ॲपमध्ये बसवायचा होता. 'दुपारपर्यंत होईल,' असं टीम लीडला सांगून मोकळा झालो. आठवडा गेला.

पहिला एरर: 'एक्स्पेक्टेड व्हर्जन ०१ ०० ०० ००, फाउंड ०डी ०० ०१ ००'. व्हर्जन म्हटल्यावर मी रस्टचंच व्हर्जन बदलत बसलो! साधं (कोअर) वासम मॉड्यूल आणि त्यावर स्ट्रिंगसारख्या टाइप्सचं वेष्टन असलेला कॉम्पोनंट, दोघांचं एक्स्टेन्शन एकच, पहिले चार बाइटही तेच. फरक पुढच्या चारांत. ब्राउझर २०१७ पासून मॉड्यूल चालवतात, कॉम्पोनंट थेट चालवत नाहीत. तो आधी जेको या टूलने ट्रान्सपाइल करायचा, म्हणजे ब्राउझरला चालेल अशा रूपात बदलायचा. त्यातून जावास्क्रिप्ट आणि कोअर वासमच्या फाइली निघतात. स्ट्रिंग, लिस्ट, रेकॉर्ड यांची ने-आण ती जावास्क्रिप्ट करते. कोअर वासमला स्ट्रिंग म्हणजे काय हेच ठाऊक नसतं.

मग बंडलर, म्हणजे ॲपच्या फाइली एकत्र बांधणारं टूल. आमच्याकडे व्हीट आहे (उच्चार 'व्हाइट' नव्हे, मला त्याचा वीटच आला होता). जेकोचं आउटपुट पॅकेज म्हणून जोडलं, तर ब्राउझर म्हणे माइम टाइप (सर्व्हर हेडरमध्ये सांगतो तो फाइलचा प्रकार) चुकीचा, 'ॲप्लिकेशन/वासम' हवा. मी डेव्ह सर्व्हरवर तो हेडर जबरदस्तीने लावला. लगेच नवा एरर: मॅजिक वर्ड (वासम फाइलचे ते पहिले चार बाइट) ०० ६१ ७३ ६डी हवा होता, मिळाला ३सी २१ ६४ ६एफ.

हे चार बाइट ॲस्कीत लावून बघा: 'लेस दॅन'चं चिन्ह, उद्गारचिन्ह, डी, ओ. डॉकटाइपची सुरुवात! म्हणजे वासमच्या नावाखाली इंडेक्स पानाचं एचटीएमएल येत होतं, तेही स्टेटस २०० घेऊन. डेव्ह मोडमध्ये व्हीट पॅकेजेस आधीच बंडल करून आपल्या कॅशे फोल्डरमध्ये ठेवतो. जावास्क्रिप्ट तिकडे गेली, वासम जागेवरच राहिलं, आणि शेजारची फाइल शोधणारा पत्ता हुकला. फाइल सापडली नाही की डेव्ह सर्व्हर इंडेक्स पान देऊन मोकळा. कॉन्फिगमध्ये 'ऑप्टिमाइझडेप्स'च्या 'एक्स्क्लूड'मध्ये पॅकेजचं नाव टाकलं आणि माझा तो हेडर काढून टाकला. चाललं.

प्रॉडक्शन बिल्डला तेवढ्यात टॉप-लेव्हल अवेटवरून (फंक्शनबाहेर थेट लिहिलेला अवेट) कुरकुर झाली. जेकोच्या फाइलीत तो असतोच. बिल्ड टार्गेट ईएस २०२२ केलं. जुने ब्राउझर सांभाळायचे असतील तर जेकोला 'टीएलए-कॉम्पॅट' हा फ्लॅग द्या. मग मात्र फंक्शन वापरण्याआधी इनिटचं प्रॉमिस स्वतः अवेट करावं लागतं.