मुलाखत घेताना गप्प बसायला कसं शिकावं

नेटवर असलेलंच खालीवर करून लिहिण्यापेक्षा एका माणसासमोर दीड तास बसलात, तर कुठेच नसलेला मजकूर हाती येतो. मी बरीच वर्षं गिरणगावातल्या निवृत्त कामगारांशी बोलतोय, त्यामुळे उदाहरणं लालबाग-परळची.

माणूस गाठणं, वेळ ठरवणं, फोन चार्ज करणं हे सांगत बसत नाही. मुंबईतल्या कापड गिरण्यांचा १९८२चा संप १८ जानेवारीला सुरू झाला, नेते दत्ता सामंत होते, सुमारे अडीच लाख कामगार उतरले, हे घरून वाचून जा. पाठ्यपुस्तकातली माहिती काकांना विचारलीत की ते पाठ्यपुस्तकासारखंच बोलतात. प्रश्न आधी पाठवू नका. ‘पाठवल्याने समोरचा तयारीत राहतो’ असं सांगणाऱ्यांनी सुनेने लिहून दिलेली उत्तरं चष्मा लावून वाचणारे काका पाहिलेले नसावेत. रेकॉर्डिंगची परवानगी घ्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका.

खरी गोची पुढे आहे.

सुरुवातीला मी वहीत बावीस प्रश्न लिहून न्यायचो. एका काकांना विचारलं, “संपाच्या काळात कसं वाटलं?” ते म्हणाले, “फार हाल झाले. मग गावाला गेलो.” मी मान डोलावून लगेच पुढचा प्रश्न टाकला. रात्री रेकॉर्डिंग ऐकताना लक्षात आलं की ‘गेलो’नंतर त्यांनी श्वास घेतला होता, एक शब्द अर्धा उच्चारलाही होता, आणि त्याच्यावर माझा आवाज चढला होता. पुन्हा गेलो तेव्हा त्यांना तो धागा आठवेना. ती मुलाखत मी छापलीच नाही.

तेव्हापासून उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाच आकडे मोजतो. पहिले काही दिवस हे पाच आकडे जीव खातात. चहाचा कप उचला, वहीत काहीतरी खरडा, पण तोंड उघडू नका. ‘हं हं’, ‘बरोबर’ हेही नको, नुसती मान हलवा. मात्र समोरच्याचे डोळे भरून आले असतील तर ही युक्ती वापरू नका. पाणी द्या, विषय त्यांना हवा तिकडे जाऊ द्या.

पाच आकड्यांनंतरही काही आलं नाही, तर दुसरा प्रश्न त्यांच्याच शब्दातून काढायचा, आणि तो वस्तूचा, जागेचा किंवा दिवसाचा हवा. “हाल झाले म्हणालात, घरातलं पहिल्यांदा काय विकलं?” “गावाला गेलात तेव्हा खोलीत कोण राहिलं?” ‘कसं वाटलं’ला उत्तर येतं ‘वाईट वाटलं’. भांडी कुठे गेली असं विचारलंत की सावकार, शेजारीण, खानावळवाली बाई असे सगळे आपोआप गोष्टीत येतात.

माझा आवडता प्रश्न आहे, “तुमच्यापुरता संप कधी संपला?” तो अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही, त्यामुळे प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं. कुणी दुसरीकडे नोकरी लागल्याचा दिवस सांगतं, कुणी म्हणतं, अजून कुठे संपलाय?

“मालकांनी फसवलं, नाही का?” असे प्रश्न विचारूच नका. समोरचा तुमच्या भिडेखातर हो म्हणेल, आणि ते वाक्य तुमचं असेल.

साल-महिन्यांची सरमिसळ होणारच. तिथे टोकू नका, घरी येऊन जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहा.

रेकॉर्डिंग त्याच रात्री उतरवून काढा. बोली सुधारू नका. ‘तिसरी पाळी’ला ‘रात्रपाळी’ करू नका.

आणि निघताना घाई नको. फोन खिशात गेला, चपला पायात चढल्या की उंबऱ्यात उभे राहून काका म्हणतात, “तसं एक राहिलंच सांगायचं...” तेव्हा चपला काढा, हे लिहिलं तर चालेल का विचारा, आणि परत आत जाऊन बसा.