वेबलेटवर शोधात न सापडणारा ‘ऱ्या’

वेबलेट म्हणजे सॉफ्टवेअरचे अनुवाद ब्राउझरमध्ये करायचं साधन. लक्षण असं : अनुवादात ‘जाणाऱ्या’ डोळ्यांसमोर दिसतो, पण शोधात टाकला की सापडत नाही. नाशिकच्या आमच्या गटात कोणी मोबाइलवर टंकतं, कोणी इनस्क्रिप्ट कळफलकावर. फाँट बदलला, ब्राउझर बदलला, फरक शून्य. अक्षरशः जीव मेटाकुटीला आला.

कारण साठवणीत आहे. हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ (युनिकोड या अक्षरसंकेतांच्या मानकात यू+०९३१) आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), किंवा साधा र, हलन्त आणि मागे अदृश्य जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे (यू+२००डी). दिसायला तंतोतंत एक. पहिलाच ठेवावा, दुसरा युनिकोडने जुन्या मजकुरासाठी चालू ठेवलाय.

मराठी अनुवाद उघडून ‘शोधा आणि बदला’मध्ये जा. न सापडणाऱ्या ओळीतलाच ‘ऱ्या’ कॉपी करून शोधात चिकटवा, टंकू नका. ब्राउझर अर्धं अक्षर निवडू देत नाही, म्हणून अख्खा घ्या. बदलीत यू+०९३१चा ‘ऱ्या’ टाका, दाखवलेल्या ओळी तपासा, मगच पक्कं करा. मग ‘ऱ्ये’, ‘ऱ्यो’, ‘ऱ्हा’साठी हेच. सगळे झेडडब्ल्यूजे सरसकट उडवू नका, ते इतर जोडाक्षरांत मुद्दाम असतात.

शेवटी प्रत्येकाने आपल्या प्रोफाइलच्या पसंतींमध्ये ‘विशेष अक्षरे’ या रकान्यात ऱ भरावा. अनुवादाच्या चौकटीवर त्याचं बटण येतं.