घरभेटीत बाळाशी खेळ: आशाताई, अंगणवाडी सेविका आणि गावातल्या स्वयंसेविकांसाठी

प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाच्या घरी जाते. घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीही. २०१८ पासून त्यात ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्याच्या भेटींची भर पडली. सुरुवातीच्या भेटी बाळाचा जीव वाचवण्यासाठी असतात. ते काम गावातल्याच बायका नीट करू शकतात, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत १९९० च्या दशकात दाखवून दिलं. पुढच्या भेटींत मात्र वजन, लस आणि लोहाचं सिरप एवढं उरकलं जातं आणि खेळ राहून जातो.

तो राहू नये, याचा सर्वांत भक्कम पुरावा जमैकातला आहे. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली ९ ते २४ महिन्यांची, उंची खुंटलेली १२९ मुलं निवडली. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्य सेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जात आणि आईला बाळाशी खेळायला शिकवत. वीस वर्षांनी ती मुलं कमावती झाली तेव्हा, भेटी न मिळालेल्यांपेक्षा त्यांची कमाई सुमारे २५ टक्के जास्त होती. ज्यांना नुसता पूरक आहार दिला होता, त्यांच्या कमाईत असा फरक दिसला नाही. आहार हवाच, पण आहाराने खेळाची जागा भरत नाही.

कागदावरच्या पाच भेटी खेळासाठी पुरणाऱ्या नाहीत. दर आठवड्याला जमलं तर उत्तम, निदान पंधरवड्याला तरी जा. प्रत्येक घराला ४० ते ६० मिनिटं द्या. वेळ आईला विचारूनच ठरवा. लावणीच्या दिवसांत सकाळी गेलात तर घरात आजी आणि कोंबड्याच भेटतील.

भेटीचा क्रम

उंबऱ्यावर उभं राहून बोलू नका. आईशेजारी जमिनीवर बसा आणि बाळ आईच्याच मांडीवर राहू द्या. आपण बाळाला उचलून खेळवायला लागलो की आई बाजूला होते, बघत राहते, आणि आपण गेल्यावर खेळ थांबतो.

आधी विचारा: “मागच्या वेळी दिलेल्या डब्याशी काय काय खेळलात? दाखवा बरं.” आई करून दाखवत असताना मध्ये बोलू नका. तिने जे नीट केलं तेच नेमकं सांगा. “छान” एवढ्याने काही कळत नाही. “त्याने बोट दाखवलं तेव्हा तुम्ही लगेच ‘हो, कोंबडी आली’ म्हणालात, म्हणून तो पुन्हा बोलायला लागला” असं म्हटलं की ती ते परत करते.

मग एक नवा खेळ घ्या, फार तर दोन. तुम्ही एकदाच दाखवा आणि वस्तू आईच्या हातात द्या. आई करत असताना बाळ कुठे अडतं ते पाहा. वाटीत वाटी बसत नसेल तर दोनच वाट्या ठेवा. लगेच बसत असतील तर तिसरी वाढवा. खेळ किंचित अवघड हवा. बाळ तीन-चार प्रयत्नांत जिंकलं पाहिजे.

शेवटी एक गाणं, त्यांच्या घरातल्या बोलीत. मेळघाटात कोरकू, धडगावात पावरी. प्रमाण मराठीतलं बडबडगीत लादू नका. “आजी, याचा बाबा लहान असताना काय म्हणायचात?” असं विचारलं की सासूबाईही खेळात येतात. त्या आल्या की निम्मं काम झालं, कारण दिवसभर बाळ बहुधा त्यांच्याकडेच असतं.

निघण्याआधी हा खेळ कोणत्या कामाबरोबर होईल ते आईकडूनच ठरवून घ्या: अंघोळ घालताना, भरवताना की भाकरी थापताना. “रोज अर्धा तास खेळा” असं सांगितलेलं टिकत नाही. तिच्याकडे वेगळा अर्धा तास नसतो.

कोणत्या वयाला काय

तीन महिन्यांपर्यंत चेहरा हेच खेळणं. वीत-दीड वीत अंतरावरून बोला, थांबा, बाळाने आवाज काढला की तोच आवाज परत करा. सहाव्या महिन्याच्या आसपास खुळखुळा, लाल कापडी चेंडू, पदराआड लपून ‘भुक’. नवव्या महिन्याला डब्यात वस्तू टाकणं आणि काढणं, ताटलीवर चमचा वाजवणं. वर्षाचं झाल्यावर वाटीत वाटी, ठोकळ्यांवर ठोकळे, “नाक कुठंय?”. दीड वर्षानंतर चित्रांची वही, आणि खोटी भाकरी थापून बाहुलीला भरवणं.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर तेवढे दिवस वयातून वजा करा. दोन महिने आधी आलेल्या बाळाकडून आठव्या महिन्यात सहा महिन्यांच्या बाळाएवढंच अपेक्षित ठेवा. नाहीतर आई उगाच घाबरते. चालण्यातही फरक असतो. निरोगी मुलं ८ ते १७ महिन्यांत कधीही एकटी चालू लागतात. १८ महिने पूर्ण होऊनही चालत नसेल, किंवा आवाजाकडे वळत नसेल, आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर वाट न पाहता आरोग्य केंद्रात पाठवा.

खेळणी

पिशवीत दहा-बारा पुरतात. साबणाच्या खोक्यांत कागद ठासून चिकटपट्टी लावली की ठोकळे तयार. जुन्या साडीचा चिंध्या भरलेला चेंडू. पुठ्ठ्याच्या सहा पानांवर गाय, विहीर, बैलगाडी, बस अशी ओळखीची चित्रं चिकटवून दोऱ्याने शिवलेली वही. छोट्या बाटलीत खडे घालून खुळखुळा होतो, पण झाकण चिकटवून वर कापड शिवून टाका. सुटं झाकण आणि खडे दोन्ही घशात अडकतात. साधारण सव्वातीन सेंटिमीटरपेक्षा लहान सुटी वस्तू पिशवीत नकोच.

खेळणं घरी ठेवून या आणि पुढच्या भेटीत बदला. मोडलं, हरवलं तर रागावू नका. राग आला की आई ते फळीवर जपून ठेवते आणि बाळाच्या हाती लागत नाही.

मोजमाप आणि घास

वजन खेळानंतर घ्या, कारण रडलेलं बाळ मग खेळत नाही. झोळी अडकवून काटा शून्यावर आणा, कपडे काढा. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून, दोघींनी मिळून मोजा. ६ महिन्यांनंतर डाव्या दंडाच्या मध्यावर, हात सैल सोडून घेर मोजायची पट्टी लावा, आवळू नका. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ पासून १२.५ च्या आत मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का ते पाहा. सूज असलेल्या बाळाचं वजन फसवं असतं, काटा ठीक दाखवतो आणि बाळ धोक्यात असतं.

वरच्या अन्नात सगळ्यात जास्त चूक ‘डाळीच्या पाण्याची’ होते. त्यात पाणीच जास्त. चमचा तिरका केला तर घास हळूहळू घसरावा, इतकं घट्ट हवं. २५० मिलिची वाटी धरून ६ ते ८ महिन्यांत दोन-तीन चमच्यांपासून वाढवत अर्धी वाटी, दिवसातून २-३ वेळा. ९ ते ११ महिन्यांत अर्धी वाटी ३-४ वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी ३-४ वेळा, आणि मध्ये केळं किंवा अंडं. वर चमचाभर तेल. अंगावरचं दूध दोन वर्षं चालूच. भरवणं हाही खेळच आहे: बाळाकडे बघून, नाव घेऊन, थांबत.

आई गप्प असेल, बाळाकडे बघत नसेल, दोन आठवडे उदास असेल, तर त्या दिवशी खेळ शिकवू नका. तिचं ऐका आणि डॉक्टरांकडे जाण्यासाठी सोबत करा. १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदत) क्रमांकावर मोफत बोलता येतं.

दूध ओढत नाही, झटके येतात, सगळं उलटतं, निपचित आहे, छातीचा खालचा भाग श्वासाबरोबर आत ओढला जातो, यातलं काहीही दिसलं तर पिशवी उघडूच नका, थेट दवाखाना. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा: दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले तरीही तेच.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारी घरं दिवाळीच्या सुमारास निघतात. त्याआधीच्या भेटीत पुढच्या तीन-चार महिन्यांचे खेळ आईकडून एकेक करून घ्या, चार खेळणी कायमची द्या, माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो तिच्या आणि मुकादमाच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर तिचं स्थलांतर नोंदवा, म्हणजे जिथे जातील तिथल्या अंगणवाडीत तिचं नाव लागू शकेल.