मराठवाड्यात घराण्याच्या जुन्या नोंदी शोधताय? या चुका टाळा

आजोबांच्या पलीकडची नावं शोधायला आता प्रत्येक वेळी रेकॉर्ड रूमच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीचं काम २०२३ मध्ये सुरू झाल्यावर मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांकडून जुनी दप्तरं वाचून घेतली गेली, आणि सापडलेल्या नोंदींची पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. गावागावांतल्या हौशी मंडळींनी कोतवाल बुकं (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या) आणि शाळेची रजिस्टरं उतरवून एक्सेलमध्ये याद्या केल्या. फॅमिलीसर्चसारख्या वंशावळीच्या संकेतस्थळांवर स्वयंसेवक जगभरच्या नोंदींची सूची करतात. जालना आणि औरंगाबादच्या छावणीत राहिलेल्या युरोपीय कुटुंबांसाठी फिबिसची (फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी) सूची उपयोगी पडते.

पण या याद्या माणसांनी फावल्या वेळात, कधी लिपी शिकता शिकता केलेल्या आहेत. नोंद कुठल्या पानावर आहे एवढंच यादी सांगते. त्या पानावर नेमकं काय लिहिलंय, ते पान उघडूनच वाचावं लागतं. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

नाव आलं नाही, म्हणजे नोंद नाही असं धरणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नोंद असते, पण आपण टाकलेल्या अक्षरांत नसते.

निजामकाळातलं दप्तर उर्दूत. उर्दूत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ही नाही. त्यामुळे काळे हे ‘काले’, शेळके हे ‘शेलके’, चव्हाण हे ‘चौहान’ किंवा ‘चवान’ होऊन यादीत बसतात. घाईच्या हातानं लिहिताना कारकून नुक्ते (अक्षरांचे ठिपके) गाळायचे. नुक्ता गेला की शब्दाच्या सुरुवातीचे ब, प, त, न सारखेच दिसतात. ‘ग’वरची जादा रेघ राहिली की तो ‘क’ होतो. म्हणून पवार सापडत नसतील तर ‘बवार’ आणि ‘तवार’ही टाकून बघा, गायकवाडांसाठी ‘कायकवाड’ टाका. मोडीत अडचण वेगळी. तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे एका नावाची शेपटी दुसऱ्याला चिकटते.

इंग्रजी याद्यांत जाधवच्या शेवटी व्ही असेल, डब्ल्यू असेल किंवा ओ-डब्ल्यू असेल. फॅमिलीसर्चमध्ये तारा (*) कितीही अक्षरांच्या जागी चालतो आणि प्रश्नचिन्ह (?) एका अक्षराच्या जागी. पहिली दोन-तीन अक्षरं आणि पुढे तारा, इतकंच द्या. नाव, आडनाव, गाव, सन, वडील असं सगळं एकदम भरलं तर एका रकान्यातल्या चुकीमुळे खरी नोंदही गळते. एका वेळी एक किंवा दोनच रकाने भरा.

मराठी याद्यांत आणखी एक छुपं कारण असतं. जुन्या फायली श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील तर युनिकोडमध्ये टाइप केलेलं नाव त्यांत कधीच जुळणार नाही. फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. फाइल युनिकोडमध्ये असली तरी जोडाक्षरात न दिसणारं चिन्ह शिरलेलं असू शकतं. मग ‘चव्हाण’ डोळ्यांना दिसतं, पण शोधल्यावर सापडत नाही. अशा वेळी नुसतं ‘हाण’ शोधा. जिल्ह्याच्या संकेतस्थळावरची पीडीएफ तर बहुधा पानांचं नुसतं चित्र असते. तिच्यात शोधचौकट वापरून काही मिळत नाही, पानं एकेक करून डोळ्यांखालून घालावी लागतात.

शेवटी हेही तपासा, की यादीत कुठले सन आणि कुठली गावं घेतली आहेत. एखाद्या तालुक्याची निम्मी पुस्तकं उतरवलेली असतात आणि उरलेली कपाटातच असतात. फॅमिलीसर्चच्या कॅटलॉगमध्ये एखाद्या पुस्तकापुढे कॅमेऱ्याचं चिन्ह असेल आणि भिंगाचं नसेल, तर पानांचे फोटो आहेत पण नावांची सूची झालेली नाही. तिथे नाव टाकू नका, थेट पानं चाळा.

‘वलद’ला आडनाव समजणं

जुन्या नोंदीत आडनाव बऱ्याचदा नसतंच. ‘ज्ञानू वलद बापू, साकिन पिंपळगाव’ अशी ओळ असते. वलद म्हणजे मुलगा, बिन म्हणजेही तेच, जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा, साकिन म्हणजे राहणार, कौम म्हणजे जात, मुतबन्ना म्हणजे दत्तक. नव्या स्वयंसेवकाला हे माहीत नसलं की यादीत ज्ञानूचं आडनाव ‘वलद बापू’ पडतं, आणि ‘जौजे’ हे एखाद्या बाईचं नाव होऊन बसतं. म्हणून आडनावाच्या रकान्यात आपल्या माणसाच्या वडिलांचं नाव टाकूनही शोधा.

पाटील, देशमुख, कुलकर्णी ही वतनं होती. वतन असणाऱ्याच्या नावापुढे ती लागायची, सख्ख्या भावाच्या नावापुढे कदाचित दुसरंच आडनाव. उलट, एका गावातले सगळे पाटील एका भावकीचे असतीलच असं नाही. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल असल्यानं गणपत-मारुती-गणपत-मारुती अशी माळ लागते आणि मधली एक पिढी नकळत गळते. दोन गणपतांच्या नोंदींत चाळीस-पन्नास वर्षांचं अंतर असेल तर ते आजोबा आणि नातू असू शकतात, आणि पंचवीस वर्षांचं असेल तर बहुधा चुलत घरातले. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसणं हेही नेहमीचं. बारशाआधीच नोंद व्हायची, त्यामुळे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं आणि बापाचं नाव. अशा नोंदी नेहमी बापाच्या नावानंच शोधाव्या लागतात.

फसली सनाला ५९० मिळवून मोकळं होणं

हैदराबाद संस्थानातलं फसली साल, म्हणजे महसुली वर्ष, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या तारखेला ५९१. महिन्यांचा क्रम असा: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरीवर, मेहेर, आबान. आजूर १३४० म्हणजे ऑक्टोबर १९३०, पण खुर्दाद १३४० म्हणजे एप्रिल-मे १९३१. बहमन डिसेंबर आणि जानेवारी दोन्हींत पडतो, तिथे तारीख बघूनच ठरवा.

यादी करणाऱ्यानं १३४० ला हिजरी समजून बदल केला असेल तर उत्तर १९२१-२२ येतं. म्हणजे माणूस नऊ वर्षांनी मोठा झाला, आणि बापलेकांची वयं जुळेनात. महिना रमजान किंवा शाबान असेल तर सन हिजरी, आजूर किंवा खुर्दाद असेल तर फसली. मराठी महिने आणि जुना फसली सन असेल तर साल मृगापासून, म्हणजे जूनमध्ये सुरू होतं. तिथे जून ते डिसेंबरला ५९० आणि जानेवारीनंतर ५९१. शकाला ७८ मिळवायचे, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९.

आपल्या वहीत मूळ सन जसाच्या तसा लिहा आणि बदललेला सन शेजारच्या रकान्यात. बदललेला तेवढा ठेवला तर पुढे चूक शोधायला काहीच हाताशी राहत नाही.

आजचा जिल्हा धरून शोधणं

लातूर जिल्हा १९८२ चा, त्याआधी उस्मानाबाद. पण उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. जालना १९८१ ला औरंगाबादेतून वेगळा झाला आणि परतूर तालुका परभणीतून तिकडे गेला. हिंगोली १९९९ ची, परभणीतून. किनवट १९५६ आधी आदिलाबादेत होतं. अंबाजोगाईचं नाव त्या काळच्या कागदांत मोमिनाबाद. धाराशिवचं घर उस्मानाबादच्या नावाखाली सापडेल, आणि त्याहून जुन्या कागदात नळदुर्ग जिल्ह्याखाली. गाव जहागिरीत किंवा सर्फ-ए-खासमध्ये (निजामाच्या खासगी मुलखात) असेल तर १९४९ ला जहागिरी जाईपर्यंतचा हिशेब दिवाणी (सरकारी मुलखाच्या) दप्तरात नसून त्या जहागिरीच्या दप्तरात असतो. राज्यपातळीवरचे निजामी कागद हैदराबादला तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहेत.

गावाच्या नावापुढचं ‘बु.’ किंवा ‘खु.’ यादीत गळतं. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द ही दोन गावं आहेत, भावकी वेगळी, रेकॉर्ड वेगळं. जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेली आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर नव्या जागी वसलेली गावं शोधताना जुन्या गावठाणाच्या शिवेवरची गावंही बघा.

जमिनीचा धागा सोडून देणं

नाव बदलतं, शेत तिथंच राहतं. म्हणून नावाची यादी थकली की सर्व्हे नंबर धरावा. सेतवार (सर्व्हे नंबरवार जमिनींची जुनी यादी), १९५४-५५ चं खासरा पत्रक, पाहणी पत्रक, मग सातबारा आणि फेरफार अशा क्रमानं या. खासरा पत्रकात एकाच सर्व्हे नंबरसमोर दोन नावं दिसली तर कब्जेदार कोण आणि कसणारा कोण, ते रकान्याचं डोकं वाचून ठरवा. एकत्रीकरण झालेल्या गावात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तिथे ‘नऊ-तीन नऊ-चार’चा उतारा मागा, म्हणजे जुना नंबर कुठल्या गटात गेला ते कळेल.

वारसाचा फेरफार हा दोन पिढ्या जोडणारा सर्वांत भक्कम कागद. मयताचं नाव, मृत्यूची तारीख आणि वारसांचं नातं एकाच ठिकाणी मिळतं. पण १९५६ चा हिंदू वारसा कायदा यायच्या आधीच्या फेरफारात मुलींची नावं बहुधा नसतात, त्यामुळे ‘त्यांना मुलगी नव्हती’ असा निष्कर्ष काढू नका. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाकीचे भाऊ आहेत, फक्त उताऱ्यावर नाहीत, आणि म्हणून यादीतही नाहीत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. तो चुलता असेल, मामा असेल किंवा आई. त्याला सरळ बाप म्हणून वंशावळीत बसवलं की पुढची सगळी फांदी चुकते.

शाळेची १ जून खरी मानणं

प्रवेश निर्गम रजिस्टरात १ जून ही जन्मतारीख मुबलक सापडते. प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी वयाच्या अंदाजानं टाकलेली ती तारीख आहे. ती दोन-तीन वर्षांनी इकडेतिकडे असू शकते, म्हणून कोतवाल बुकात शोधताना आधीची आणि नंतरची तीन-तीन वर्षं धरा.

यादीचा प्रिंट पुरावा म्हणून जोडणं

जात पडताळणी असो की वारसाचं काम, लागते ती मूळ नोंदीची प्रमाणित नक्कल. दक्षता पथक मूळ रजिस्टर बघतं. म्हणून यादीतून जिल्हा, तालुका, मौजा, नोंदवहीचा प्रकार, सन, पान आणि अनुक्रमांक लिहून घ्या आणि त्यावरून नकलेचा अर्ज करा. नुसती लिंक जपून ठेवू नका, संकेतस्थळ बदललं की ती मरते. कार्यालयातून उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या शुल्कात होतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. मूळ रजिस्टरावर पेन्सिलची खूणसुद्धा करू नका. ती कुणाच्या तरी प्रकरणात खाडाखोड ठरू शकते.

यादीत चूक सापडली तर ती करणाऱ्याला पान आणि अनुक्रमांकासह कळवा. त्यानं वाचलेलं पुसायला लावू नका, शेजारी दुसरं वाचन म्हणून लिहायला सांगा. स्वतः यादी करत असाल तर ‘काले’ दिसतंय तिथे ‘काले’च लिहा आणि ‘काळे’ वेगळ्या रकान्यात टाका. न लागलेल्या अक्षराजागी प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाज घुसवू नका. तेच पान दुसऱ्याकडून वेगळं वाचून घ्या आणि दोन वाचनं जिथे जुळत नाहीत, तेवढ्याच ओळी तिसऱ्या जाणत्याला दाखवा. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आधार क्रमांक सार्वजनिक यादीत टाकू नका.